आम्ही वेधशाळेत ग्रहण पाळतो

ग्रहणाच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एक पाळणारे आणि दुसरे पाहणारे. पाळणारे घराबाहेर पडत नाहीत आणि पाहणारे घरात थांबत नाहीत. त्यामुळे दोघांची गाठ सहसा पडत नाही आणि समाजात शांतता नांदते. मी या दोन्हींतला नाही. मी तिसऱ्या, म्हणजे बहुसंख्य वर्गातला. आम्ही ग्रहणाच्या रात्री झोपतो आणि सकाळी पेपरात फोटो बघून 'अरेरे, राहिलंच की!' म्हणतो. ग्रहण खग्रास असो की खंडग्रास, आमच्या घोरण्यात कधी खंड पडलेला नाही.

हे व्रत ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मोडलं. मोडलं ते आमच्या चिरंजीवांनी. हा मुलगा आठवड्याचे पाच दिवस कॉम्प्युटरपुढे बसतो आणि शनिवार-रविवारी गावाबाहेरच्या एका टेकाडावर हौशी मंडळींनी बांधलेल्या वेधशाळेत जाऊन रात्रभर तारे बघतो. तारे बघून पोट भरत नाही, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यावर तो म्हणाला, "बाबा, पोट ऑफिसात भरतं." पुढची पिढी वाद घालत नाही, नुसती निकाल देते.

तर गणपतीच्या दिवसांत, आरती आणि प्रसाद यांच्यामधल्या मोकळ्या वेळात, त्यानं जाहीर केलं, "अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण आहे. सगळ्यांनी वेधशाळेत यायचं."

मराठी माणसाला वेधशाळा म्हटलं की आधी पाऊस आठवतो. मी विचारलं, "छत्री घेऊ का?"

"बाबा, ती हवामानाची वेधशाळा. ही ताऱ्यांची."

"म्हणजे छत्री नको?"

"सप्टेंबर आहे," तो जरा खाली बघत म्हणाला. "घ्या."

आमच्या हिची अडचण निराळीच होती. त्याचं असं झालं, की २७ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, मी गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल आणायला गेलो होतो. टॉवेल काढला आणि त्याच्यामागे चंद्र! दिवसभर ढगांत दडी मारून बसलेला हा गृहस्थ नेमका मला दर्शन द्यायला बाहेर आला होता. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला आणि त्या दिवशी त्याला पाहणाऱ्यावर चोरीचा आळ येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. साक्षात श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आळ आला, तिथे टॉवेल आणायला गेलेल्या पेन्शनराची काय कथा? ही म्हणाली, "आधीच तुमच्यावर आळ यायचाय. त्यात पुन्हा त्याच चंद्राकडे बघायला जाताय!"

या सगळ्या गडबडीत कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "मीही येते."

आम्ही सगळे गप्प झालो. आवाज आईचा होता.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती ग्रहण पाळते. पाळते म्हणजे नुसतं जेवत नाही असं नव्हे. पाण्याच्या हंड्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यांवर तुळशीपत्र ठेवते, देवापुढे जप करत बसते आणि ग्रहण सुटल्यावर, मग ते रात्री दोनला का सुटेना, डोक्यावरून अंघोळ करते. लहानपणी आळीत 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी आली की ती आम्हा भावंडांच्या हातून धान्य घालायला लावायची; पण स्वतः उंबरा ओलांडून यायची नाही. तिनं आयुष्यभर प्रत्येक ग्रहण पाळलं होतं आणि एकही पाहिलं नव्हतं.

"आई, तुम्ही?" ही म्हणाली. "अहो, वेध दुपारपासून लागतात."

"वेध लागलेत म्हणूनच वेधशाळेत," आई म्हणाली. "मी काही बघणार नाही. नुसती बसेन. जप कुठेही होतो." आणि तिनं वाती वळायला घेतल्या. याचा अर्थ सभा संपली.

आई येणार म्हटल्यावर ताई येणारच. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली, पण शाळा सुटल्याचं अजून तिला कुणी कळवलेलं नाही. तिनं येताना दशम्या, चटणी आणि डबाभर चिवडा आणला. आईनं डब्याकडे पाहिलं, काही न बोलता पिशवीतून तुळशीची पानं काढली आणि तीन डब्यांवर तीन ठेवली. "आता तुम्ही खुशाल खा," ती म्हणाली. "मला विचारू नका." असा समन्वय साधून रविवारी संध्याकाळी आमची वरात निघाली.

वेधशाळा म्हणजे मोठा पांढरा घुमट, तो करकरत उघडतो आणि आत दाढीवाला शास्त्रज्ञ बसलेला असतो, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात निघाली एक पत्र्याची खोली. पण तिचं छप्पर रुळांवर होतं. चार जणांनी 'हैय्या' करून ढकललं की आख्खं छप्पर बाजूला सरकायचं. ढकलणाऱ्यांत आमचे चिरंजीव आघाडीवर! ज्या मुलानं घरी जेवलेलं ताट कधी उचललं नाही, तो इथे छप्पर उचलत होता. हिनं माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे.

बाहेर शंभरेक माणसं जमली होती. निम्मी माकडटोप्या घालून आली होती. सप्टेंबरात थंडी नसते, पण दुर्बीण म्हटली की मराठी माणसाला थंडी वाजतेच. स्वयंसेवकांच्या हातात लाल जिलेटिन लावलेले टॉर्च. लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत म्हणे. त्या उजेडात सगळे जण ग्रहण लागायच्या आधीच ग्रासल्यासारखे दिसत होते.

आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी एक चष्मेवाली मुलगी माइकवरून म्हणाली, "चंद्रानं उपच्छायेत प्रवेश केलेला आहे."

आम्ही माना वर केल्या. चंद्र होता तसाच.

"काहीच दिसत नाही," मी म्हणालो.

"हो काका, ते दिसत नाहीच."

"मग सांगता कशाला?"

"माहितीसाठी," ती म्हणाली. मला माझ्या सरकारी नोकरीची आठवण झाली.

मुलगी हुशार होती. पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मधे येते आणि तिची सावली चंद्रावर पडते, एवढं शाळेत मीही शिकलो होतो. पण दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे, म्हणून एरवी तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. या दोन वाटा जिथे छेदतात, त्या बिंदूंची नावं राहू आणि केतू. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त ग्रहण सावलीनं होतं असं सांगितलं, तेव्हाच खरं तर या दोघांची नोकरी गेली. पण हुद्दा अजून चालू आहे. मुलगी बोलता बोलता आमच्या चिरंजीवांना "अरे, तो आयपीस दे ना" असं म्हणाली. त्या 'अरे'नंतर हिची दुर्बीण चंद्रावरून हलली आणि रात्रभर त्या दोघांवरच लागून राहिली.

नऊ सत्तावन्नला मात्र सगळ्यांना दिसेल असं काही झालं. चंद्राच्या कडेला कुणीतरी बोट लावल्यासारखा काळा डाग पडला. रांग सरकत सरकत माझा नंबर लागला. दुर्बीण आठ इंची होती. मी तिच्या बुडाशी वाकून डोळा लावला आणि अंधार दिसला.

"ग्रहण पूर्ण लागलं वाटतं," मी म्हणालो.

"बाबा, तिकडून नाही. बाजूनं," चिरंजीव दात-ओठ खात पुटपुटले. चंद्र समोर आणि बघायचं बाजूच्या भोकातून, हा कारभार मला सरळ वाटला नाही. पण डोळा लावला आणि मी गप्पच झालो. पेपरातला चंद्र चपटा असतो. हा गोल होता, फुटबॉलसारखा, हात घातला तर हाताला लागेल असा. त्याच्यावरून सावली सरकत होती आणि तिची कड वाटोळी होती. ती कड पाहून ॲरिस्टॉटलनं पृथ्वी गोल असल्याचं ताडलं होतं. मी साठ वर्षं पृथ्वीवर राहतो. तिची सावली त्या रात्री पहिल्यांदा पाहिली.

आणि तेवढ्यात पाऊस आला.

एकच धावपळ उडाली. "छप्पर! छप्पर!" चौघं रुळांकडे धावली. कुणी दुर्बिणीवर ताडपत्री टाकली, कुणी मुलांवर. मी छत्री उघडली आणि त्या एका क्षणी आमच्या घरात माझी प्रतिष्ठा वाढली. ती पंचवीस मिनिटं टिकली. पाऊस थांबला, छप्पर पुन्हा सरकलं आणि आतून ओरड ऐकू आली, "आयपीसचं झाकण कुठेय?"

शोध सुरू झाला. सगळ्यांचे लाल टॉर्च जमिनीवर फिरायला लागले. चष्मेवाली म्हणाली, "शेवटी दुर्बिणीपाशी कोण होतं?" आणि शंभर माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी कशाला घेऊ तुमचं झाकण?" मी म्हणालो. "मला काय करायचंय त्याचं? लोणच्याच्या बरणीला तरी बसणार आहे का ते?"

"आला की नाही आळ?" ही माझ्या कानात म्हणाली. तिच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होतं.

मी तावातावानं रुमाल काढायला खिशात हात घातला. झाकण खिशातच होतं. गडबडीत कुणीतरी "काका, जरा धरा" म्हणून हातात दिलं होतं आणि मी सवयीनं ते खिशात घातलं होतं. श्रीकृष्णाची आणि माझी कथा इथे वेगळी होते. त्याच्यावरचा आळ खोटा होता.

त्या प्रसंगानंतर मी दुर्बिणीपासून लांब, आई आणि ताई बसल्या होत्या तिथे येऊन बसलो. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत, चंद्राकडे पाठ करून बसली होती. हातात जपमाळ, नजर जमिनीवर. ताई चिवडा खात होती. ढग पांगले होते आणि ओल्या कातळावर उरलासुरला चंद्रप्रकाश पडला होता. तो आमच्या डोळ्यांदेखत आटत चालला होता. अकरा वाजले आणि मिनिटभरानं, म्हणजे खग्रास सुरू झालं त्या क्षणी, तो संपलाच. आईच्या पांढऱ्या पातळाचा रंगसुद्धा कळेना.

मागे एकदम गलका उठला, तो आनंदाचा होता. या वेधशाळेत चंद्राला फारसा मान नसतो, हे मला तेव्हा कळलं. पौर्णिमेच्या उजेडात अंधूक तारे, तेजोमेघ काही दिसत नाही, म्हणून ही मंडळी एरवी पौर्णिमेला घरी झोपतात. आता घरातला मोठा दिवा मालवल्यावर खिडकीबाहेरचं दिसावं, तसं आकाश भरून आलं होतं. जवळच शनी होता. आमच्या चिरंजीवांची हाक ऐकू आली, "शनीची कडी बघायला या! यंदा ती आपल्याला जवळजवळ आडवी दिसतायत, सुईसारखी!"

"उजेड गेला रे," आई म्हणाली. मान खालीच.

"हो. खग्रास झालं."

"किती वेळ?"

"ब्याऐंशी मिनिटं."

माळ थांबली. मग ती अंधारात, आमच्याकडे न बघता, बोलायला लागली.

१९६१ सालचं, होळीच्या पौर्णिमेचं ग्रहण. चंद्र उगवला तोच ग्रासलेला. आईला सातवा महिना. लग्नाला वर्षच झालेलं. आजी देवळात गेली होती आणि जाताना बजावून गेली होती : काही चिरायचं नाही, कापायचं नाही, निजून राहायचं. घरात धाकटा दीर, म्हणजे आमचा काका, पाच वर्षांचा. तो भुकेनं रडायला लागला. शिजवलेलं द्यायचं नाही. दारात काकड्यांची पाटी होती. आईनं विळी घेतली आणि त्याला एक काकडी चिरून दिली.

"एकच," आई म्हणाली. "मीठ लावून."

मे महिन्यात ताई जन्मली. वरचा ओठ फाटलेला.

ताईच्या ओठावर एक बारीक रेघ आहे, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. तान्ही असताना मुंबईला शस्त्रक्रिया झाली, हेही ठाऊक होतं. त्या ओठांनी तिनं चाळीस वर्षं शाळा दणाणून सोडली, हे तर आख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. काकडीचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सासूबाई बोलल्या नाहीत काही," आई म्हणाली. "त्यांनी फक्त विळी उचलून माळ्यावर ठेवली. दोन वर्षं काढली नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

ताईचा चिवडा खाणारा हात थांबला होता. ताई गप्प बसलेली मी आयुष्यात दोनदा पाहिली आहे. त्यांतली ही दुसरी वेळ.

"आई," ती शेवटी म्हणाली, "मला दिवस गेले तेव्हा मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. माझ्या बाळाला असं होईल का म्हणून. लपूनच विचारलं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोटातल्या बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. आठवड्यात, आई. महिन्यात नव्हे. जुळला नाही तर तेव्हाच जुळत नाही. तू काकडी चिरलीस तेव्हा माझा ओठ फाटून पाच महिने झाले होते."

आईनं जपमाळेचे मणी मोजायला सुरुवात केली. पण तो जप नव्हता, हिशेब होता. "मे... म्हणजे मागे जायचं... दसऱ्याच्या सुमारास," ती म्हणाली. "तेव्हा तर मी माहेरी होते. दिवस राहिलेत हेसुद्धा मला धड ठाऊक नव्हतं."

"बघ. आणि होळीला काकानं काकडी खाल्ली. मी नाही."

"त्याला पोटात दुखलं रात्री," आई म्हणाली.

आम्ही तिघं हसलो. आधी ताई हसली, म्हणून मलाही हसता आलं. माझ्यावरचा आळ अर्धा तास टिकला होता आणि तरी माझ्या कानाच्या पाळ्या अजून गरम होत्या. आईनं चौसष्ट वर्षं एक आळ बाळगला होता. तिला विचारायला कुणी आलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला तो शोधू दिला नव्हता.

मग आई उठली. मला वाटलं, पाय आखडले असतील. तिनं एका हातानं माझा दंड धरला, दुसऱ्यानं ताईचा, आणि खुर्चीला वळसा घालून चंद्राकडे तोंड केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी ती वर बघत राहिली. चंद्र तिथेच होता, तांबूस, अंधारात टांगल्यासारखा.

"एवढंच होय?" आई म्हणाली.

तेवढ्यात चष्मेवाली वही घेऊन आली. चंद्र किती काळा पडला ते शून्य ते चार अशा अंकांत नोंदवायचं असतं, म्हणे. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य, चार म्हणजे लख्ख तांबडा. दाँजाँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही पद्धत. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून जो उजेड चंद्रावर पडतो, तो हवेत गाळला जाऊन लाल होतो. हवेत ज्वालामुखीची धूळ असेल तर चंद्र फार काळा दिसतो. १९९१ मध्ये पिनाटुबो फुटला, तर १९९२ च्या डिसेंबरातलं ग्रहण अगदी काळंकुट्ट झालं होतं. "त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय," मुलगी म्हणाली, "त्या सगळ्यांचा मिळून हा रंग आहे. आजी, तुम्ही किती द्याल?"

मी तीन सांगणार होतो, ताईनं दोन सांगितलेही होते. आई विचार करून म्हणाली, "फोडणीत मिरची टाकली की आधी लाल होते आणि मग काळी पडायला लागते ना? त्याच्या मधलं."

मुलीनं क्षणभर चंद्राकडे पाहिलं आणि वहीत दोन लिहिले. कंसात 'मिरची' असंही लिहिलेलं मी पाहिलं. आमच्या हिनं त्याच क्षणी त्या मुलीला मनातल्या मनात पास केलं असावं.

रात्री बारा वाजून तेवीस मिनिटांनी चंद्राच्या कडेला पहिला उजेड फुटला. एक सव्वीसला सावली पूर्ण उतरली. घरी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मी सरळ अंथरुणाकडे निघालो, तर आई म्हणाली, "पाणी तापत ठेव. अंघोळ व्हायचीय."

"अगं, आता तर तू पाहिलंस ना?"

"पाहिलं म्हणून पाळायचं नाही, असं कुणी सांगितलं?" ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

दुसऱ्या दिवशी उशिरा जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजानं. आई विळीवर काकडी चिरत होती. ताई समोर बसून मीठ लावून खात होती आणि फोनवर काकाला म्हणत होती, "तुझ्यावर एक जुनी केस निघालीय. येऊन जा." चिरंजीव डोळे चोळत बाहेर आले.

"काय रे," आईनं विचारलं, "परत असं कधी आहे? पावसाळ्यातलं नको."

"असं पूर्ण, आपल्याकडून सगळं दिसणारं ना आजी? ३१ डिसेंबर २०२८. रात्री पावणेदहाच्या सुमाराला खग्रास."

आईनं बोटांवर मोजलं. "सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "चालेल. त्या वेळी डबा मी करीन. ताईच्या दशम्या फार कोरड्या होतात."

ग्रहणाचे वेध शास्त्राप्रमाणे काही तास आधी लागतात. आमच्या आईला तीन वर्षं आधीपासून लागले आहेत.